वाद्य कोणाच्या वाट्यातले?



गेल्या वर्षी माउलींच्या प्रस्थानाला बारा-तेरा दिवस उरले होते. माझ्या मृदंगाची शाईची पुडी पार बसली होती. ती बदलून घ्यायला मी पुण्याला निघणार, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, येतोच आहेस तर दोन दिवस माझ्याकडे राहा. आणि याला जरा समजाव. साडेपाच लाखांची पेटी घ्यायला निघालाय. तुझ्याशिवाय कोणाचं ऐकायचा नाही."

पेटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपली भजनाची पेटी आली. साडेपाच लाखांत तर आमच्या साऱ्या दिंडीला पेट्या येतील आणि वर टाळही येतील. ही पेटी सोन्याची आहे की काय? पण भाचा तसा उधळ्या नव्हे. तो सात वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. बहिणीने ब्लाउज शिवून त्याला वाढवले, शिकवले. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे यायचा, तेव्हा माझ्या शेजारी बसून मांडीवर ठेका धरायचा. आता तो लघुपटांना, जाहिरातींना संगीत देतो. चार वर्षे पै-पै करून त्याने ही रक्कम साठवली होती.

खरे सांगतो, एस.टी.त बसल्यावर कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंत मी मनात एक छोटेसे प्रवचनच रचत गेलो. उपाधी वाढवू नये, हौसेला अंत नाही, साधनात अडकला तो साध्याला मुकला, सारे कसे रांगेत बसले. तीस-पस्तीस वर्षे कीर्तनाच्या साथीला उभा राहिलेला माणूस मी. अशी वाक्ये आम्हाला शोधावी लागत नाहीत, आपोआप तोंडाशी येतात. आणि आपोआप येतात म्हणूनच त्यांची भीती बाळगायला हवी, हे मला त्या दोन दिवसांत कळले.

ती पेटी नव्हतीच. सिंथेसायझर नावाचे वाद्य होते. विकत घेण्याआधी हात बसतो का पाहावे म्हणून भाच्याने ते एका मित्राच्या स्टुडिओतून आठ दिवसांसाठी आणले होते. लाकडी चौकट, पुढे चव्वेचाळीस पट्ट्या, मागे उभी करता येणारी एक पाटी आणि त्या पाटीवर फिरवायची बटणेच बटणे. नाव मिनीमूग. अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग नावाच्या अभियंत्याने १९६४ च्या सुमारास विजेच्या दाबावर सूर कमी-जास्त करणारी यंत्रे बनवली. ती कपाटाएवढी असत आणि वायरी जोडून-जोडून वाजवावी लागत. १९७० मध्ये तेच तंत्र त्यांच्या कारखान्याने उचलून नेता येईल अशा एका चौकटीत बसवले, ते हे वाद्य. तेव्हा किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास होती. १९८१ मध्ये ते बनवणे थांबले. पुढे मागणी आली म्हणून पुन्हा निघाले. २०२२ मध्ये आवृत्ती निघाली तेव्हा तिला तिकडेच पाच हजार डॉलर पडत होते. आपल्या दारात येईपर्यंत जकात, कर आणि वाहतूक धरून साडेपाच लाख.

"यात काय आहे एवढं?" मी विचारले.

त्याने एक पट्टी दाबली. जाड, खरखरीत, भरलेला असा एक सूर निघाला. मग तो एक बटण हळूहळू फिरवू लागला. सुरातला खरखरीतपणा कमी होत गेला, धार गेली, आणि शेवटी मंदिराच्या गाभाऱ्यात कोणी ओंकार धरावा तसा गोल आवाज उरला.

"मामा, यात तीन ठिकाणी सूर जन्मतो. मुद्दाम ओबडधोबड, भरपूर असा करायचा. मग ही गाळणी आहे, ती लावून नको ते काढत जायचं. एका वेळी एकच सूर निघतो, दोन पट्ट्या दाबल्या तरी एकच. आणि आज लावलेला आवाज हे लक्षात ठेवत नाही. उद्या पुन्हा हाताने शोधायचा."

मला आमच्या गावचा पाथरवट आठवला. तोही काही घालत नाही, काढतच जातो.

"आणि हे तुमच्या मृदंगासारखं आहे," तो पुढे म्हणाला. "थंड असताना सूर सरकतो. चालू करून थोडा वेळ तापू द्यावं लागतं. जुन्या यंत्रांत फार सरकायचा, नव्यात कमी. पण थोडा सरकतोच."

हे ऐकून मात्र मी सावरून बसलो. आषाढी वारीत पावसाची सर आली की मृदंगाचे कातडे ओलावते आणि सूर उतरतो. प्लास्टिक गुंडाळून वाजवावे लागते, विसाव्याला गट्टे ठोकून पुन्हा वर घ्यावा लागतो. डाव्या तोंडाला रोज ताजी कणीक, ती वाळली की पुन्हा ओली. वाजवणाऱ्याचा अर्धा जन्म वाद्य लावण्यातच जातो. संध्याकाळी नवी पुडी चढवून मृदंग घरी आणला. त्याने एक सूर धरला, मी गट्टे ठोकत त्या सुराला गेलो. पाच मिनिटांत त्याचा सूर किंचित हलला, त्याने बटण फिरवले; मग माझा हलला, मी हातोडी उचलली. दोघेही हसलो. तासभर वाजवले. प्रवचनाचे माझे पहिले पान तिथेच गळून पडले.

पण वाद्य चांगले आहे म्हणून घ्यावे, असे होत नाही. रात्री जेवणे झाल्यावर मी विचारले, "संगणकात असला आवाज मिळत नाही?"

"मिळतो," तो म्हणाला. काही लपवले नाही. "बराचसा सारखा मिळतो. याची हुबेहूब नक्कल असलेली छोटी पेटीही दहाव्या हिश्शाहून कमी पैशांत येते. ऐकणाऱ्याला डोळे मिटून ओळखता येईलच, असं मी म्हणणार नाही."

"मग?"

"मला वाजवताना फरक पडतो. हाताला."

आता इथे काय उत्तर द्यायचे? साधा माणूस म्हणेल, ऐकणाऱ्याला कळत नाही तर पाच लाख कशाला? पण माउली, मीही शिसवाच्या खोडाचा मृदंग वाजवतो. आंब्याच्या खोडाचा निम्म्याहून कमी पैशांत येतो. दिंडीत चालणाऱ्या किती जणांना ते कळते? मला हाताला कळते. 'टाळ पुरेत, बाकी सारी हौस' असे म्हणायचा अधिकार ज्याच्या गळ्यात फक्त टाळ आहेत त्याला. माझ्या गळ्यात तो मृदंग असताना मी भाच्याला वैराग्य शिकवू लागलो, तर ते त्याच्या खर्चाने होणारे वैराग्य.

मग मोजायचे कसे? पहिले माप मनात येते ते फळाचे. घेऊन काय होणार? पैसे सुटतील का, नाव होईल का? भाच्यानेच त्या रात्री मला दोन गोष्टी सांगितल्या आणि हे माप किती कच्चे आहे ते दिसले.

अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. तिथे १९६९ मध्ये मूग यांचे ते कपाटाएवढे यंत्र आले. न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी येऊन ते मांडून दिले. तिथे काम करणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. या बाई कोण? तर पखवाज वाजवणाऱ्या! बायकांनी पखवाजाला हात लावणे विरळा होते, त्या काळातल्या. १९४६ मध्ये त्या न्यूयॉर्कला होत्या. तिथे जॉन केज नावाच्या संगीतकाराला त्यांनी आपले संगीत समजावले आणि त्याच्याकडून तिकडचे समजून घेतले. संगीत कशासाठी, असे केज यांनी विचारले. मन निवावे, स्थिर व्हावे आणि देवाच्या स्पर्शाला मोकळे व्हावे यासाठी, असे आपल्या गुरूंकडून आलेले उत्तर गीताबाईंनी दिले. केज यांनी ते आयुष्यभर धरून ठेवले. अशा बाईंच्या हाती ते विजेचे यंत्र आले, हे ऐकून माझे कान टवकारले. अहमदाबादच्या स्टुडिओत १९७२ पर्यंत काही मोजक्या मंडळींनी काम केले आणि मग तो शांत झाला. तिथल्या फिती संस्थेच्या दप्तरात पडून राहिल्या. जगाने त्या ऐकल्या २०२३ मध्ये, पन्नास वर्षांनी.

दुसरी गोष्ट मुंबईची. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. त्यांनी महागडी जपानी विद्युत वाद्ये घेतली आणि १९८२ मध्ये दहा राग विजेच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. ती फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक थक्क झाले. पुढे घराघरांत गाजलेल्या एका परदेशी नृत्यसंगीताचा बाज या माणसाने आधीच वाजवून ठेवला होता.

आता सांगा, १९७२ मध्ये अहमदाबादच्या हिशेबनिसाने ते यंत्र घेणे योग्य होते का, याचा निकाल दिला असता तर काय दिला असता? १९८३ मध्ये चरणजित सिंगांच्या शेजाऱ्याने काय दिला असता? फळाच्या हिशेबाने दोघेही 'वाया' असेच म्हणाले असते. आणि पन्नास वर्षांनी कोणी ऐकले म्हणून ते योग्य ठरले, असेही नाही. न सापडलेल्या फितीही जगात असतीलच. फळ आपल्या हाती नाही, हे आपण रोज ऐकतो. फक्त खरेदीच्या वेळी विसरतो.

दुसरे माप उपयोगाचे. हे मला जास्त पटते, तुम्हालाही पटेल. आमच्या मंदिरात एक मोठी पेटी आहे. वर्गणी काढून घेतली. सप्ताहाचे सात दिवस बाहेर निघते आणि बाकी वर्षभर खोळीत झोपते. उंदरांनी भाता कुरतडला तेव्हा ती आठवली. ती घेणे चुकले, कारण आम्हाला पेटी हवी नव्हती, 'आमच्याकडे मोठी पेटी आहे' हे वाक्य हवे होते. उलट माझा मृदंग. १९९३ मध्ये घेतला. तेव्हापासून काकड्याला, हरिपाठाला, एकादशीला, वारीत, घरी पोरांना शिकवताना तो वाजतो आहे. किती पुड्या बदलल्या त्याचा हिशेब नाही. या मापाने माझ्या मृदंगाइतकी योग्य खरेदी पंचक्रोशीत नसेल.

सकाळी भाच्याला हेच सांगायचे मी ठरवले. रोज वाजवणार असशील तर घे, मिरवायला घेणार असशील तर नको. सोपे, सरळ, पटणारे. अंथरुणावर पडून मी ते वाक्य घोळवत होतो. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज आला. रात्रीचे साडेअकरा झाले होते. बहीण पायाने मशीन चालवत होती. थांबे, पुन्हा चाले. त्या थांबण्यात ती गुडघा चोळत असणार, हे मला न पाहता कळत होते. आणि तिच्या हातांवरून मला दुसरे हात आठवले.

माउली, आता सांगतो ते तीस वर्षांत कोणाला सांगितलेले नाही.

१९९३ मध्ये मी प्राथमिक शिक्षक होतो. मृदंगाची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून थोडी जास्तच होती. घरात दोन लहान मुले, वडील आजारी. मी बायकोच्या पाटल्या मोडल्या. चोरून नव्हे. 'मृदंग घ्यायचाय, पाटल्या दे' असे म्हणालो, तिने काढून दिल्या. माहेरच्या होत्या त्या. मी मनाशी म्हणालो, देवाच्या कामाला लागल्या, सोने झाले त्यांचे. दिंडीतल्या मंडळींनीही तिचे कौतुक केले. तेव्हापासून तो मृदंग रोज वाजला आणि पाटल्यांचा विषय कधी निघाला नाही.

उपयोगाचे माप मी कोणासाठी धरून बसलो होतो, ते त्या रात्री मला दिसले. स्वतःसाठीच. रोज वाजवले की फिटले, असे मी तीस वर्षे धरून चाललो. पण वापराने वस्तूची किंमत वसूल होते. जिच्या हातून ती किंमत गेली, तिचे ऋण कसे फिटणार? आणि देवाच्या नावाने घेतले म्हणून तर ते अधिकच अवघड, कारण देवाचे नाव निघाल्यावर नाही म्हणायला ती बाई जागा कुठून आणणार होती?

तुकोबारायांची एक गोष्ट आपण सारेच सांगतो. घराण्याच्या सावकारीची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. मीही ती वैराग्याची गोष्ट म्हणून कितीदा ऐकली, ऐकवली. पण चरित्रकार त्यात एक तपशील सांगतात, तो आपण घाईत ओलांडून जातो. धाकटे बंधू कान्होबा यांचे म्हणणे वेगळे होते, त्यांना पुढचा संसार दिसत होता. तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची अर्धी त्यांच्या हाती ठेवली आणि आपल्या वाट्याची तेवढीच डोहात सोडली. आधी वाटणी, मग विसर्जन. एवढे मोठे वैराग्य, पण ते भावाच्या अर्ध्या भागाला शिवले नाही.

सोडण्याचा जो नियम, तोच घेण्याचाही असणार. आपल्या वाट्यातून सोडावे, आपल्या वाट्यातूनच घ्यावे. वस्तू मोठी की लहान, गरजेची की हौसेची, देवाची की प्रपंचाची, हे प्रश्न नंतरचे. आधी विचारायचे ते हे की हा पैसा कोणाच्या वाट्याचा आहे?

सकाळी चहा घेताना मी भाच्याला म्हणालो, "तुझे साडेपाच लाख साठले कसे ते मला सांग."

तो म्हणाला, "मेहनतीचे आहेत मामा. कोणाकडून घेतलेले नाहीत."

"तेच लिहू या."

कागद घेतला. चार वर्षे तो आईच्या घरात राहिला. तशी खोली त्या भागात आठ हजारांना मिळते. जेवणाचे कमीत कमी तीन हजार धरले. महिन्याला अकरा झाले. घरखर्चाला तो पाच हजार देत होता, न चुकता. उरले सहा. अठ्ठेचाळीस महिन्यांचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. तो कागदाकडे बघत राहिला.

बहीण मात्र माझ्यावरच उखडली. "लेकराकडून भाडं घेऊ? जेवणाचे पैसे घेऊ? असला हिशेब शिकवायला आलास होय?"

मी म्हणालो, "घ्यायला सांगत नाही, बाई. दिसावं म्हणून मांडला."

ती गप्प झाली. मग कप विसळता विसळता, पाठमोरी, बोलली. दोन वर्षांपासून तिला विजेवर चालणारे मशीन घ्यायचे होते. गुडघ्याला पायटा सोसत नाही. पण मुलगा साठवतोय, त्याच्या मनात घर असेल, लग्न असेल, म्हणून ती थांबली होती. त्याला ती बोलली नव्हती आणि त्याने विचारले नव्हते. म्हणजे तिचा राग पेटीवर नव्हताच. ज्या साठ्यासाठी ती अंधारात पायटा मारत होती, त्याचे काय होणार हे तिला शेवटी कळले, हे तिला लागले होते.

भाच्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने त्याने विचारले, आणि विचारायलाच हवे होते ते विचारले. "मामा, मग आई नाही म्हणाली तर मी घ्यायचं नाही का? आयुष्यभर परवानगी मागायची?"

मी म्हणालो, "नाही. वाटा देणं आणि परवानगी मागणं वेगळं. तिचा वाटा तिच्या हाती दे. मग उरेल तो तुझा. त्यावर तिने सल्ला द्यावा, मीही देईन, पण निकाल आमचा नाही. तुकोबांनी कान्होबांची खतं बुडवली नाहीत, आणि कान्होबांनीही तुकोबांचा हात धरला नाही. तुझ्या वाट्यातून आम्ही वैराग्य करायचं नाही."

"आणि घेणं योग्य आहे का, ते?"

"ते तुझा हात सांगेल. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत थांब. ती स्वस्तातली नक्कल घे आणि रोज वाजव. नेम चुकला तर तो दिवस वहीत लिही. चार महिन्यांनी हात काय मागतो ते बघ."

मी गावी परतलो. त्या रात्री पडवीत बसून मृदंगाला खोळ घालत होतो. बायको लसूण निवडत होती. मी तीस वर्षांनी तो विषय काढला. म्हणालो, "तुझ्या पाटल्या मी मोडल्या, ते चुकलंच माझं."

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "विचारलं असतंत तरी मी दिल्याच असत्या. पण तुम्ही विचारलं नव्हतं, मागितल्या होत्या."

पुन्हा करून देतो म्हणालो, तर म्हणाली, "आता या हातांना जड होतील." आणि लसणाची परडी घेऊन आत गेली. मृदंग मांडीवर घेऊन मी तसाच बसलो. ज्याचा मला इतका अभिमान, त्याच्या खोडाला हात लावायचा मला त्या रात्री धीर होईना.

कार्तिकीला भाचा पंढरपूरला आला. वही घेऊन आला होता. एकशे वीस दिवसांत सतरा दिवस चुकले होते, तारखा प्रामाणिकपणे लिहिल्या होत्या. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार त्याने आईच्या खात्यात भरले होते. तिने आधी भांडण केले, मग मशीन घेतले आणि उरलेल्यांची मुदत ठेव केली. ते करताना मला विचारले नाही, याचा मला फार आनंद झाला. आणि पेटी? नक्कल चांगली आहे, आहे त्यात पुष्कळ काम होते, असे तो म्हणाला. पण तिची बटणे बोटाच्या पेराएवढी, घाईत दोन एकदम फिरतात, सूर शोधता शोधता हात अडखळतो. मोठे वाद्य त्याला अजून हवे आहे. आता स्वतःच्या वाट्यातून पुन्हा साठवतो आहे, आणि घरात महिन्याला अकरा हजार देतो आहे. दोन-तीन वर्षे लागतील. तोवर हात बदलला, ओढ विरली, तरी चालेल असे तो म्हणतो. न विरली तर घेईल, आणि त्या दिवशी मी मृदंग घेऊन पुण्याला जाईन.

तुम्ही म्हणाल, हा भाडे-जेवणाचा हिशेब मायेच्या घरात शोभतो का? मलाही तसे वाटले होते. पण मायेच्या घरातच वाटा दिसेनासा होतो. परक्याकडून घेतलेला रुपया आपण विसरत नाही. आईने न मागितलेले भाडे, बायकोने काढून दिलेल्या पाटल्या, भावाने एकट्याने केलेली पेरणी हे मात्र आपल्या खात्यात 'माझी मेहनत' म्हणून जमा होते. आपण वारीला निघतो तेव्हा मागे कोणी तरी गुरे सांभाळते, म्हाताऱ्यांना औषध देते, पाऊस आला तर पेरते. आपल्या पावलांतही त्यांचा वाटा असतो.

सप्ताहात वीणा अखंड उभी असते. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात देतो, मध्ये ती खाली ठेवत नाही. देताना एकमेकांच्या पाया पडतात. इतकी वर्षे मी ते पाहिले, पण आपल्या हाती आहे ते कोणाच्या तरी हातून आले आहे, एवढे ध्यानात राहावे यासाठीच ती रीत असावी, हे आता लक्षात येते.

यंदा प्रस्थानाला थोडे दिवस उरलेत. परवा बायकोला विचारले, "येतेस का वारीला?" इतकी वर्षे मी एकटाच जात होतो, तिला कधी विचारले नव्हते. ती म्हणाली, "येते. पण म्हशीचं काय करायचं?" शेजारच्यांशी बोललो आहे. महिनाभराच्या दुधावर त्यांचा वाटा ठरला आहे.

राम कृष्ण हरि.